हैबतीची सलामी

निवळखिंडीतून गाडीवाट निघायच्याही आधीची ही गोष्ट. जरा जवळ सरकून बसा, कारण यातलं काही मी मोठ्यानं सांगणार नाही.

तेव्हा गावात लाठीची तालीम होती. तिचा नियम असा, की खेळ सुरू करताना समोरच्याच्या लाठीला आपली लाठी टेकवून सलामी द्यायची, आणि संपवतानाही द्यायची. सलामी घेणारं कुणी नसेल, तर खेळायचं नाही. हैबती नावाचा तरुण तिथं खेळायचा. एका उन्हाळ्यात त्याला देवी आल्या आणि गावानं त्याला खिंडीतल्या झोपडीत नेऊन ठेवलं. तो जगला. चेहऱ्यावर व्रण घेऊन तालमीच्या दारात आला, तर रघोजी वस्तादांनी त्याला आत घेतलं नाही. पोरांना लागण होईल म्हणाले. पुढं कितीतरी पावसाळे गेले, लागणीची भीतीही सरली, पण एकदा बाहेर ठेवलेल्या माणसाला आत बोलवावं असं कुणाला सुचलं नाही. मला त्या गावाचा राग येतो, आणि मी त्याच गावचा आहे.

झोपडीमागं पांढरट कातळाचा उभा कडा होता. दिवस कलला की ऊन थेट त्याच्यावर यायचं आणि हैबतीची सावली कड्यावर माणसाएवढी उभी राहायची. एका संध्याकाळी त्यानं तिलाच सलामी दिली आणि तो खेळायला लागला.

तालमीत जे कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याला सावलीनं शिकवलं. वार करताना आपला डावा कोपर सुटतो, हे त्याला तिथं दिसलं. पाय आधी निघतो आणि हात मागून येतो, तेही दिसलं. समोर मार झेलणारं कुणी नव्हतं, म्हणून जोरात निघालेला वार हवेतच थांबवायची ताकद त्याच्या मनगटात आली. तालमीतली पोरं एकमेकांच्या सवयी पाठ करत होती, आणि हा आपल्याच सवयी मोडत होता. असं म्हणतात, की शेवटी शेवटी त्याची लाठी फिरायची तरी आवाज यायचा नाही.

त्याची बहीण बायजा रोज भाकरी आणून द्यायची. एका संध्याकाळी हैबतीनं खेळ संपवला, सलामी दिली, लाठी खाली घेतली आणि भाकरी घ्यायला वळला. कड्यावरच्या सावलीनं मात्र लाठी खाली घेतली ती थोडी उशिरा. बायजाच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"दादा, त्या कड्याव कोन हाय?" तिनं विचारलं.

"माझी सलामी घेतंय त्ये," हैबती म्हणाला. "गावात दुसरं कोन घेतंय?"

त्या दिवसापासून ती ऊन कड्यावर यायच्या आत भाकरी ठेवून परतायला लागली.

पुढं सुगीत लुटारूंची टोळी खिंडीत उतरली. खाली खळ्यांवर गावाचं वर्षाचं धान्य पडलेलं, ते गेलं असतं तर पोराबाळांची उपासमार ठरलेली. तालमीचे गडी धावले. पण त्यांना फक्त एकमेकांचेच वार ठाऊक. परक्यांची लाठी भलतीकडून यायला लागली, तसे ते मागं हटले, पडले. रघोजी वस्तादांचंही डोकं फुटलं. तेव्हा हैबती झोपडीतून बाहेर आला.

त्या लढाईबद्दल सांगणाऱ्यांचं एकमेकांशी जुळत नाही, पण एका गोष्टीवर सगळे ठाम आहेत. खिंडीत दोघं लढत होते. एक व्रणांच्या चेहऱ्याचा. दुसरा त्याच्या मागं, कड्यालगत, चेहराच नसलेला. दुसऱ्याचा वार बसलेला लुटारू ओरडायचा नाही, नुसता खाली बसायचा, आणि त्याच्या अंगावर जखम सापडायची नाही.

ऊन उतरत चाललं होतं. हैबतीनं लढता लढताच हाक दिली, "वस्ताद, आता तरी माझी सलामी घ्या."

रघोजी तशाच फुटल्या डोक्यानं लाठी उचलून पुढं झाले. मग जुन्या सवयीनं त्यांना हैबतीच्या देवी आठवल्या आणि ते थबकले. तेवढ्यात सूर्य डोंगराआड गेला. कड्यावरची सावली विरली, आणि तिच्याबरोबर हैबतीही. उरलेले लुटारू जिवाच्या भीतीनं पळाले. धान्याचा एक दाणाही गेला नाही. खिंडीत नुसती हैबतीची लाठी पडली होती.

दुसऱ्या दिवशी बायजा रघोजींच्या दारात गेली आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना कड्यापाशी घेऊन आली. मागोमाग गावही आलं. ऊन आलं. कातळावर एक सावली उभी राहिली. सलामीला लाठी पुढं धरलेली, आणि कड्यासमोर त्या जागी माणूस नाही. रघोजी वस्ताद सगळ्या गावादेखत रडले.

"घेतो रं पोरा," ते म्हणाले आणि त्यांनी आपली लाठी कड्याला टेकवली. असं म्हणतात, की दगडाला टेकल्याचा आवाज आला नाही, लाकडाला लाकूड लागल्याचा आला. मग सावलीनं लाठी खाली घेतली.

आजही निवळखिंडीत लाठी शिकणारं पोर आधी त्या कड्यासमोर आपल्या सावलीशी खेळतं, मग सोबत्याशी. मोठ्या दुखण्यातून उठून कुणी तालमीत आलं, की वस्ताद स्वतः दारापर्यंत जाऊन त्याची सलामी घेतो. असं कुणी दारात ताटकळत राहिलेलं गावाला चालत नाही. संध्याकाळी पोरं कड्यासमोर रांगेनं उभी राहिली, की गावच्या बायका त्यांना एवढंच बजावतात, खेळा पोटभर, पण कड्यावरच्या सावल्या मोजत बसू नका.