अंतोबाची सतरा मडकी

खूप जुन्या काळी, एका नदीच्या वळणावर, तटबंदीने वेढलेले एक नगर होते. त्या नगराच्या राजाच्या मुदपाकखान्यात अंतोबा नावाचा एक माणूस चाकरीला होता. त्याचे काम एकच. राजाच्या ताटात जे जे वाढले जाईल त्यातला एक घास आधी आपण खायचा, मनातल्या मनात शंभर आकडे मोजायचे, आणि जिवाला काही झाले नाही तर म्हणायचे, "घ्यावं, महाराज."

चाळीस वर्षे त्याने हेच केले. आधी या राजाच्या वडिलांसाठी, मग या राजासाठी. समोरचा घास विषाचा असू शकतो हे मनाशी धरूनच तो पाटावर बसे. तरुणपणी एका आचाऱ्याने त्याला पोहायला शिकवतो म्हटले होते. अंतोबा म्हणाला, "संध्याकाळी मी असेन की नाही ते ठाऊक नाही. शिकून काय करू?" असे म्हणता म्हणता साठी उलटली. मग त्याच्या जिभेची चव गेली, कडू कुठले आणि आंबट कुठले ते कळेना. राजाने त्याला मानाने निरोप दिला आणि वाड्याबाहेर राहायला एक खोली दिली.

पहिल्या सकाळी अंतोबा खोलीच्या दारात उभा होता. एका वाटसरूने त्याला विचारले, की बाबा, तलावाकडे कुठून जायचे? अंतोबाला सांगता येईना. चाळीस वर्षे तो ज्या तलावाचे पाणी प्याला होता, तो उजव्या हाताला की डाव्या, हेही त्याला माहीत नव्हते. वाटसरू पुढे निघून गेला. अंतोबाला मात्र इतकी लाज वाटली, की तो तसाच त्याच्या मागोमाग चालत तलावापर्यंत गेला.

तिथे तलावाच्या राखणदाराशी त्याची ओळख झाली. पाणी कुठून येते, किती खोल आहे, कमी झालेले कसे ओळखायचे, असे त्याने विचारले. राखणदाराने सांगितले, की घाटाची सातवी पायरी उघडी पडली की पाणी जपून वापरायचे. अंतोबाला ते फार आवडले. दुसऱ्या दिवशी तो चुना मळायच्या घाण्यावर गेला, आणि तटाच्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालतात हे ऐकून चकित झाला. तिसऱ्या दिवशी कोष्टी आळीत त्याने तुटलेला धागा सांधायची गाठ शिकून घेतली. त्याला लिहितावाचता येत नव्हते. म्हणून पाहिलेले विसरू नये यासाठी तो रोज घरी येऊन कोळशाने भिंतीवर चित्र काढी. इथे तलाव, इथून पाण्याचा पाट, इथे घाणा, इथे तट.

चौथ्या दिवशी तो कुंभारवाड्यात पोहोचला. तिथे कोंडाई नावाची एक विधवा चाक चालवत असे. अंतोबा म्हणाला, मला शिकवा. कोंडाईने त्याला हाकलून दिले. तो दुसऱ्या दिवशी परत आला. मग ती म्हणाली, बसा.

अंतोबाचे पहिले मडके वाकडे झाले. दुसरेही झाले. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा फार पूर्वी उकळत्या तेलाने पोळला होता, तो वाकत नसे. मडक्याच्या गळ्याखाली तो अंगठा रुते आणि तिथे खड्डा पडे. सगळी आळी हसायची. अंतोबा खाली मान घालून पुन्हा मातीला हात लावायचा. कोंडाई ती वाकडी मडकी भाजून कोंबड्यांना दाणापाणी ठेवायला वाटून टाकी.

त्याच सुमारास शेजारच्या राजाची फौज दोन दिवसांच्या वाटेवर येऊन थांबली. नगरात दवंडी फिरली, की तटाची आणि पाण्याची माहिती कुणी परक्याला सांगेल त्याचा कडेलोट होईल. अंतोबाने दवंडी ऐकली, पण आपण कुणा परक्याला काही सांगत नाही असे समजून तो फिरतच राहिला.

हळूहळू त्याच्या लक्षात येऊ लागले, की काहीतरी बदलले आहे. कोष्टी आळीत तो शिरला की मागांचा आवाज थांबे. तलावाचा राखणदार त्याला पाहून पाठ फिरवी. एक उंच माणूस, खांद्यावर घोंगडे टाकलेला, रोज त्याच्या मागे वीस पावलांवर दिसे. अंतोबा थांबला की तोही थांबे. चाळीस वर्षे अंतोबाने भीती ओळखली होती. आता ती परत आली.

कोंडाई त्याला एकदा हळूच म्हणाली, "चार दिवस येऊ नका, अंतोबा. लोक वाईट बोलतायत."

अंतोबाने विचार केला. मग म्हणाला, "चार दिवस थांबलो तर हात विसरतील."

सतरावे मडके झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, कोतवालाची माणसे त्याच्या खोलीत शिरली; तो घोंगडेवाला त्यांच्या पुढे होता. त्यांनी भिंत पाहिली. तलाव, पाट, घाणा, तट, वेस, सगळे तिथे काढलेले होते. त्यांनी एक शब्दही न विचारता त्याचे हात बांधले.

दरबार भरला. कोतवाल पुढे आला. तो वीस वर्षे नगराची राखण करत होता आणि मनाने खोटा नव्हता. म्हणूनच त्याचे बोलणे ऐकणाऱ्याला पटत होते. त्याने सांगितले, की या माणसाने पाण्याची खोली विचारली, तटाचा चुना कसा होतो ते विचारले, आणि घरी नकाशा काढला. मग तो राजाकडे वळून म्हणाला, "महाराज, हा चाळीस वर्षं आपल्या ताटाजवळ बसत होता."

राजाचा चेहरा उतरला. त्याने अंतोबाच्या तोंडून आजवर 'घ्यावं, महाराज' याखेरीज काही ऐकले नव्हते. हा माणूस कसा आहे, हे आपल्याला मुळीच माहीत नाही, असे त्याला त्या क्षणी जाणवले आणि तो घाबरला.

तलावाच्या राखणदाराला बोलावले. तो म्हणाला, की होय, खोली विचारली होती. घाण्यावाल्यानेही चुन्याचे तसेच सांगितले. खोटे कुणीच बोलले नाही, आणि प्रत्येकाच्या खऱ्या बोलण्याने अंतोबा मरणाच्या एकेक पाऊल जवळ सरकला.

"हे सगळं तू कशासाठी केलंस?" राजाने विचारले.

"शिकण्यासाठी, महाराज."

कुणीतरी हसले. कोतवाल म्हणाला, "पासष्टाव्या वर्षी? कुणाच्या उपयोगासाठी?"

कुणाच्याच उपयोगासाठी नाही, हे खरे होते, आणि ते इथे सांगून कुणाला पटणार नव्हते. राजाने मान खाली घातली आणि प्रधानाला खूण केली. सूर्य मावळायच्या आत कडेलोट करावा, असे प्रधानाने लिहायला घेतले.

तेवढ्यात दारात गलका झाला. पहारेकऱ्यांना न जुमानता कोंडाई आत आली. तिच्या डोक्यावर मोठी पाटी होती. आळीतल्या घराघरांतून, कोंबड्यांच्या पुढून उचलून आणलेली, आणि तिच्या घरची अजून न भाजलेली, अशी सतरा मडकी तिने दरबाराच्या फरशीवर केलेल्या क्रमाने मांडली. सगळी वाकडी. काहींना अजून कोंड्याचे कण चिकटलेले.

ती म्हणाली, की हा माणूस माझ्याकडे शिकायला येत होता, आणि ही त्याची मडकी.

कोतवाल म्हणाला, "वाकडी मडकी कुणीही करतं. ही याचीच कशावरून?"

राजाने चाक मागवले. अंतोबाचे हात सोडले. मातीचा गोळा समोर ठेवला, आणि राजा म्हणाला, कर.

अंतोबा चाकापाशी बसला. त्याला वाटले, आज मडके सुरेख उतरले तर जीव वाचेल. त्याने श्वास रोखला. माती वर चढू लागली, पोट धरले, खांदा आला. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. गळ्यापाशी येताच त्याचा डावा अंगठा नेहमीसारखा रुतला. मडके एका बाजूला कलले. अंतोबाने डोळे मिटून घेतले. संपले, असे त्याने मनाशी म्हटले.

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने ओल्या मडक्यावरचा खड्डा पाहिला. मग फरशीवरचे पहिले मडके उचलून पाहिले. दुसरे पाहिले. तिसरे. सतराही मडक्यांवर, गळ्याखाली, त्याच जागी, त्याच अंगठ्याचा खड्डा होता. पहिल्यात तो बोटभर खोल होता. सतराव्यात नखाएवढा उरला होता.

कोतवाल अजून मागे हटला नव्हता. तो म्हणाला, की हेरसुद्धा सोंग म्हणून मडकी करील.

कोंडाई त्याच्याकडे वळली. "सरकार, सोंग करणारा माणूस आपल्याला येतं तेच दाखवतो. सतरा वेळा चुकून, आळीभर हसं झाल्यावर अठराव्या दिवशी पुन्हा येतो, तो शिकणाराच असतो."

कोतवालाने सतरावे मडके हातात घेतले आणि त्या लहानशा खड्ड्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग त्याने मडके हळूच खाली ठेवले आणि मान झुकवली.

राजाने प्रधानाच्या हातातला कागद घेऊन फाडला. मग तो अंतोबाची भिंत पाहायला स्वतः गेला. कोतवालही सोबत होता. भिंतीवर तटाखाली एक बारीक काळी रेघ होती. ती काय, असे राजाने विचारले. अंतोबाने सांगितले, की पाण्याची जुनी वाट, आता कोरडी पडलेली. राखणदार म्हणतो की माणूस रांगत आत येऊ शकेल.

"तुला हे ठाऊक होतं?" राजाने कोतवालाला विचारले.

कोतवालाला ठाऊक नव्हते. वीस वर्षे त्याने तटावरून फक्त बाहेर पाहिले होते. त्याच दिवशी ती वाट दगडचुन्याने बुजवली गेली. आठवड्याने शत्रूची फौज आली, तटाभोवती बारा दिवस फिरली, आत यायला कुठेच फट सापडली नाही, आणि परत गेली.

राजाने कोतवालाला काढून टाकले नाही. त्याने एवढीच आज्ञा केली, की नगरातल्या प्रत्येक जागी जायचे, प्रत्येक ठिकाणी काहीतरी शिकायचे, आणि वाट दाखवायला अंतोबाला बरोबर घ्यायचे.

दोघे पहिल्यांदा तलावावर गेले. कोतवालाला पाहून राखणदार हात जोडून मागे सरकला. कोतवालाचेही केस आता पिकत आले होते. त्याने अंतोबाकडे पाहिले. मग कोतवालाने जोडे काढले, घाटाच्या ओल्या पायरीवर बसला आणि राखणदाराला म्हणाला, "मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढे लक्षात ठेवा: ज्याला आपले अज्ञान कबूल करायची आणि पुन्हा पुन्हा चुकायची लाज वाटत नाही, तो कोणत्याही वयात शिकू शकतो.