एकटीचा पाडा

सह्याद्रीच्या माथ्यावर, भर दुपारीही ऊन जमिनीला शिवत नाही अशा दाट रानात बारकीचा पाडा होता. तिथं कुणी मुखिया नव्हता. काही ठरवायचं झालं तर सगळा पाडा गोल बसायचा आणि फक्त त्याच पाड्यात चालणाऱ्या बोलीत बोलायचा. मग देवीची साथ आली आणि एका पावसाळ्यात सगळी माणसं गेली. म्हातारी बारकी तेवढी उरली.

राज्याचा कायदा असा, की पाड्याभोवतीचं रान पाड्याचं. पाडा उठला की रान सरकारजमा. दिवाणजींना जहाजांसाठी लाकूड हवंच होतं. त्यांनी लगेच लाकूडतोडे धाडले. बारकी दोन दिवस चालत दरबारात पोचली आणि म्हणाली, पाडा उठलेला नाही, मी आहे.

दिवाणजी हसले. "म्हातारे, एका माणसाचा कधी पाडा होतो का?"

बारकी राजाकडे वळली. रानातली माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. "राजा, या राज्यात राजे किती?"

"एकच. मी."

"तुझ्या एकट्याचं एवढं मोठं राज्य होतं, मग माझ्या एकटीचा एवढासा पाडा का होऊ नये?"

 राजा खळखळून हसला. "दिवाणजी, माणसं मागे बोलवा. रान आजीचंच. आजी, आणखी हवं ते माग."



"माझ्या बोलीत माझ्याशी बोलेल असं एक माणूस दे."

राजानं भरल्या दरबारावरून नजर फिरवली आणि मान खाली घातली. "असू दे रे," बारकी म्हणाली, आणि रानाची वाट चालू लागली.