जातं अडलं ते कशापायी

भानजी महाराज तेव्हा पिंपळसोंडला, ओढ्याकाठच्या मठीत राहत. मठीत ना देवाला मुकुट, ना दानाची पेटी. ओसरीवर एक मोठं जातं, एवढंच. दर्शनाला कोणीही येवो, महाराज त्याला जात्याशी बसवत आणि समोर मुद्दाम अनोळखी माणूस बसवत. दोघांनी एकच खुंटा धरायचा. दळण सरेपर्यंत एकानं आपल्या आयुष्यात घडलेलं काहीतरी सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. मध्ये किंवा नंतर त्या गोष्टीबद्दल काही विचारायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. तुम्ही म्हणाल, ही कसली भक्ती? मंडळी, ऐकलं तेव्हा मलाही तेच कोडं पडलं होतं. पण त्या ओसरीवरून उठलेली माणसं एकमेकांच्या घरची खुशाली विचारत जात, हे मात्र खरं.

तिथं दर सोमवारी चांगुणा बुरडीण येई. साठीला आलेली, टोपल्या-सुपं विणून पोट भरणारी बाई. बांबूची धार लागू नये म्हणून तिच्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असे. ती खुंटा धरी आणि म्हणे, "त्या दिशी वढ्याला पूर आलता." की गप्प. पुढचं सगळं दळण डोळे पुसत चाले. सात वर्षं झाली, तिची गोष्ट पुराच्या पुढे सरकली नव्हती. पूर आला, मग काय झालं? सगळ्या गावाला उत्सुकता, पण विचारायचं नाही हा महाराजांचा दंडक.

गावचे पुराणिक त्र्यंबकशास्त्री. लहानपणी वाहून जाताना खुद्द देवानं हात देऊन काढलेला मुलगा, म्हणून पंचक्रोशीत त्यांचा मोठा मान. उत्सवाच्या सकाळी नैवेद्याचं दळण मांडलं होतं आणि चांगुणा जात्याशी बसली होती. ते बघून शास्त्रीबुवांचा पारा चढला.

"महाराज, माझं पुराण ओस पडलं आणि लोक इथं रडगाणी ऐकतात. ही बाई तर सात वर्षं एकच ओळ दळते आहे. आज हिनं गोष्ट पुरी करावी, नाहीतर पुन्हा ही पायरी चढू नये."

काही जण हसले, काहींनी माना डोलावल्या. चांगुणाचा चेहरा खाडकन उतरला. साऱ्या जगात तोंड उघडायला तिला तेवढी एकच जागा होती.

महाराज म्हणाले, "बरं. मग तिच्यासमोर तुम्हीच बसा, शास्त्रीबुवा."

शास्त्री नाक मुरडत बसले. दोघांनी खुंटा धरला, पण जातं काही हलेना. दोन धट्टेकट्टे गडी आले, त्यांनी जोर लावला. वरचा दगड उचलून पाहिला, तर आत खडा नाही की काही नाही. परत ठेवला, तरी जातं जागच्या जागी. ही काय गंमत म्हणावी! नैवेद्याचा गहू तसाच पडून, आणि उत्सवाची माणसं उपाशी.

"गोष्टीवाचून अडलंय," महाराज म्हणाले. "तुम्ही सांगा एखादी."

शास्त्रीबुवांनी गोड गळ्यानं प्रल्हादाची कथा लावली. जातं ढिम्म.

"ही प्रल्हादाची झाली. तुमची सांगा."

"माझी सगळ्यांना ठाऊक आहे. मी आठ वर्षांचा होतो. मामांच्या बैलगाडीतून येत होतो. याच ओढ्यात गाडी कलंडली, मी वाहून चाललो, तेव्हा प्रत्यक्ष भगवंताचा हात पुढे आला."

जातं वीतभर फिरलं आणि थांबलं. लोक पुढे सरसावून बघू लागले. महाराजांनी वाकून हळूच विचारलं, "काही गाळलंत का हो?"

शास्त्रींची नजर खुंट्याकडे गेली. तिथं त्यांच्या हाताखाली चांगुणाचा हात होता.

"त्या हाताच्या अंगठ्याला चिंधी होती," ते म्हणाले. आवाज पार बदलला होता. "देवाच्या अंगठ्याला चिंधी कशी असेल? म्हणून मी तेवढी सोडून दिली. पुढे लोक पाया पडायला लागले. मग सांगायचा धीर झाला नाही."

जातं फिरू लागलं. आणि सात वर्षांनी चांगुणाचं तोंड उघडलं.

"पान्यात दोन पोरं व्हती. एक माजं. माज्या हातात नवी दुरडी व्हती. माजं पोर रोज दुरडीला धरून वढ्यात खेळायचं. म्हनलं, ते धरंल दुरडी, त्याला सवय हाय. म्हनून दुरडी त्याच्याकडं टाकली, आन हात ह्या दुसऱ्याला दिला. ह्याला काठावर ठिवून मागं बगितलं, तर दुरडी एकलीच चाललीवती. मी तिच्यामागं लांबपातुर धावले." ती थांबली. "लोक म्हनतील, हिनं पोटचं सोडलं. कुन्या तोंडानं सांगायचं?"

दळण चालूच होतं. दोघांपैकी कोणीही जोर लावत नव्हतं, तरी गहू सरेपर्यंत जातं फिरत राहिलं. ओसरीवर पदर न लावलेला डोळा नव्हता.

शास्त्रीबुवा उठले. सगळ्या गावादेखत त्यांनी चांगुणाच्या पायावर डोकं ठेवलं, मग तिचा हात घेऊन त्या चिंधीला कपाळ लावलं.

"आई, त्याचं नाव काय होतं?"

दंडक मोडला होता, आणि महाराजांनी तो मोडू दिला. त्या पुराला बत्तीस वर्षं झाली होती, पण हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"केरबा," ती म्हणाली.

त्या पिठाच्या पोळ्यांचा नैवेद्य दाखवताना शास्त्रीबुवांनी रीतीप्रमाणे आपलं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. मग म्हणाले, "आणि माझा भाऊ केरबा." तोवर चांगुणा देवापुढे, त्यांच्या शेजारी येऊन बसली होती.