गोजरानं मोजलेला भोपळा

एकदा काय झालं, डोंगराच्या माथ्यावर सात घरांची एक वाडी होती. शाळा पार खाली, दोन ओढ्यांपलीकडे. एवढ्या लांब इवली पोरं जाणार कशी? म्हणून गोजराची आई हौसा तिला घरीच शिकवायची. पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं. परसात भोपळ्याचा वेल होता, तीच गोजराची शाळा!

एका सकाळी वेलावर एक फूल उमललं, आणि त्याच्याखाली इवलासा भोपळा दिसला. त्या दिवशी हौसा म्हणाली, "गोजरे, आजपासून रोज भिंतीवर कोळशाची एक रेघ मारायची. दहा झाल्या की त्यांना गोल कुंपण घालायचं." मग गोजरा रोज रेघ मारायची. ताप आला तरी उठून मारायची, बरं का!

भोपळा वाढला. टोपलीएवढा झाला, मग रांजणाएवढा, मग झोपडीएवढा. तरी थांबेना! मग सुगीचे दिवस आले. शेतात नाचणी पिकून उभी राहिली. आणि एका सकाळी भोपळ्याचा देठ तुटला. तो गडगडत गेला आणि थेट वाडीच्या झऱ्यावर जाऊन बसला.

झऱ्याचं तोंडच बंद झालं की! वाडीला तेवढंच एक पाणी. दुपारपर्यंत हंडे कोरडे झाले. वासरं हंबरायला लागली. आता कापणी कुणी करायची आणि प्यायचं काय?

मग धोंडाजीकाका आले. वाडीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी दहा माणसं लावून भोपळा ढकलला. हलला नाही. मग चऱ्हाट बांधून बैल जुंपले. चऱ्हाट तुटलं. मग त्यांनी कुऱ्हाड घातली. कुऱ्हाड टणकन उडून चिखलात पडली.

आणि भोपळा बोलला! म्हणाला, "ढकलता, ओढता, तोडता. मी कोण ते एकालाही ठाऊक नाही. मला जो नीट ओळखेल, त्याच्यासाठी हलेन."

मोठी माणसं मागं सरली. गोजरा मात्र पुढं झाली. "मी ओळखते, भोपळोबा. विचार."

"मी कुठल्या कुशीवर झोपून वाढलो?"

गोजरा भोपळ्याभोवती फिरली. सगळा भोपळा हिरवा-केशरी. मग ती दगडावर चढली. वरच्या बाजूला एक फिकट पिवळा डाग होता. "ही बघ! इथं तू मातीला टेकला होतास. इथं ऊन लागलं नाही."

"बरोबर. माझं फूल उमललं, त्याला किती दिवस झाले?"

गोजरा धावत घरी गेली. भिंतीवर नऊ कुंपणं होती आणि बाहेर सहा रेघा. ती धापा टाकत परत आली. "शहाण्णव!"

"बरोबर. आता सांग, माझ्या पोटात बिया किती?"

धोंडाजीकाका कुजबुजले, "अगं, हजार म्हण! त्याला तरी कुठं ठाऊक असणार?"

"नाही काका, मोजल्याशिवाय नाही सांगणार." गोजरानं भोपळ्यावर हात ठेवला. "मला ठाऊक नाही, भोपळोबा. आत जाऊन मोजू का? दुखेल का रे तुला?"

मग देठापाशी एक चकती आपोआप सुटली, झाकणासारखी. गोजरा आत उतरली. आत केशरी अंधार, आणि तळहाताएवढ्या बिया! एकेक बी ती बाहेर आईला द्यायची. सगळ्या बिया निघाल्या. मग तिनं घोंगडीवर दहा-दहाचे ढीग मांडले.

वीस ढीग झाले आणि एक शेळी घोंगडीवरून धावत गेली. सगळे ढीग विस्कटले. गोजरानं पुन्हा सुरुवात केली.

तीस ढीग झाले, पस्तीस झाले, आणि तिची मोजणी चुकली. छत्तीस की सदतीस? घशाला कोरड, डोळ्यांत पाणी. "आये, तू मोज ना गं."

हौसानं तिचे चिकट हात पदरानं पुसले. "हात मी पुसते. मोजायचं तूच."

गोजरानं नाक ओढलं आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी दहाचा एक ढीग झाला, की एक खडा बाजूला. शेळी आली तरी खडे कुठं जाणार होते! उन्हं कलली तेव्हा त्रेचाळीस खडे झाले.

"चारशे..." ती बोलायला लागली आणि एकदम थांबली. वेणीत काहीतरी टोचत होतं. तिनं वेणी सोडली. टप, टप! दोन बिया खाली पडल्या.

"चारशे बत्तीस!" गोजरा मोठ्यांदा म्हणाली.

"बरोबर," भोपळा म्हणाला. "बाळे, मलासुद्धा ठाऊक नव्हतं गं. आत्ता तुझ्याबरोबर मीही मोजल्या." मग तो हसला आणि हलका होऊन अलगद बाजूला सरकला.

आणि झरा! असा उसळला, काय सांगू! माणसं प्याली, वासरं प्याली, गोजरा तर ओंजळीनं पिता पिता भिजूनच गेली. मग भोपळा म्हणाला, "आता मला खा. पिकलोय मी, त्याचसाठी." आता कापताना साधी सुरीसुद्धा लोण्यातून फिरावी तशी फिरली. घरोघरी घारगे तळले, भाजी झाली. नाचणी कापून झाली, धान्याच्या कणग्या भरल्या.

धोंडाजीकाका आपल्या दोन्ही नातींना घेऊन हौसाच्या ओसरीवर आले. म्हणाले, "हौसाबाई, यांनाही शिकवा. आणि जागा असेल तर मीही बसतो कोपऱ्यात."

जागा होती. ते बसले. सगळी वाडी पोटभर जेवली, आनंदानं राहिली. आता पांघरूण हनुवटीपर्यंत ओढा बघू. मिटले डोळे? शहाणी माझी बाळं. झोपा.