अर्ध्या मिनिटाचा फोटो

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराकडे त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली आणि खुर्चीवर न बसताच म्हणाली, "काका, मला रात्री फोटो काढता येतील असा कॅमेरा हवाय. लहान हवा. आणि पंधरा दिवसांच्या आत हवा."

तो काळ रोलच्या कॅमेऱ्यांचा होता. दिवाळीत घातलेला छत्तीस फोटोंचा रोल शिमग्यापर्यंत पुरवायचा असे. फोटो कसा आला हे कळायला आठ दिवस थांबावे लागे, आणि त्या आठ दिवसांत, अजून न पाहिलेला तो फोटो मनात फार सुंदर दिसत असे. रिकाम्या रोलच्या काळ्या डब्यांत घरोघरी वेलदोडे नाहीतर सुया-बटणे असत.

छायाचित्रकाराचे नाव विष्णुपंत मोघे. कोल्हापुरातल्या एका अरुंद बोळात त्यांचा स्टुडिओ होता. आलेली मुलगी शैलजा चौगुले. जवळच्या शाळेत ती चित्रकला शिकवत असे. दोन वर्षे दर रविवारी येऊन तिने मोघेकाकांच्या डार्करूममध्ये फोटो धुण्याची विद्या आत्मसात केली होती. त्या दोन वर्षांत काकांनी तिच्या कामाला एकदाही हात लावला नव्हता. चूक दिसली तरी ते शांतपणे म्हणत, "होऊ दे. धुतल्यावर कळेल."

"रात्रीचं काय काढायचंय?" काकांनी विचारले.

"आबांचा फोटो."

शैलजाचे वडील ज्ञानू चौगुले गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या पसरट काहिलीत तासन्‌तास आटतो. तो आटून नेमका कधी गूळ झाला हे ओळखणारा तो गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ पातळ राहतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. गावात घड्याळे आली, वजनकाटे आले, पण हा क्षण सांगणारे यंत्र कुणाकडे नव्हते. तो ज्ञानूआबांच्या बोटांत होता. बत्तीस हंगाम त्यांच्या शब्दावर काहील चुलवाणावरून खाली आली होती. आता गुऱ्हाळाच्या मालकांच्या मुलांनी पुढच्या वर्षापासून ऊस साखर कारखान्याला घालायचे ठरवले होते. शेड पाडायची होती. हा हंगाम शेवटचा, आणि त्याची अखेर पंधरा दिवसांवर आली होती.

"आबांचा काम करतानाचा एकही फोटो नाही, काका. दिवसा ऊस तुटतो, घाणा चालतो. आबांचं खरं काम अंधार पडल्यावर. गेल्या वर्षी मी एका मैत्रिणीचा कॅमेरा नेला होता. त्याचा फ्लॅश आपोआप उडाला आणि सगळी वाफच उजळली. फोटोत नुसती पांढरी भिंत आली."

"आणि आबा?"

"आबा हसले. म्हणाले, माझ्यापरीस वाफंचाच फोटो झ्याक आलाय." हे सांगताना शैलजाला मात्र हसू आले नाही.

काकांनी कपाट उघडून तीन लहान कॅमेरे टेबलावर मांडले. पहिला चकचकीत होता. बटण दाबले की त्याची लेन्स लांब होई. शैलजाने तो उचलून पाहिला आणि स्वतःच खाली ठेवला. लांबचे जवळ आणणाऱ्या त्या लेन्सचे तोंड फार बारीक होते. अंधारात तिच्यातून उजेड शिरणार तरी किती? दुसरा तिला एकदम आवडला. शर्टाच्या खिशात मावेल एवढा, लेन्स उत्तम, फोकस आपोआप धरणारा. तो हातात घेऊन ती खिडकीपाशी गेली.

"फ्लॅश बंद कर त्याचा," काका म्हणाले.

तिने केला.

"आता कॅमेरा बंद करून पुन्हा चालू कर."

तिने केला. फ्लॅशचा लाल ठिपका पुन्हा पेटला होता.

"दर वेळी बंद करावा लागेल," काका म्हणाले. "आणि ऐन वेळी एकदा तरी विसरशील. रात्रीच्या कॅमेऱ्याला आधी गप्प बसता आलं पाहिजे."

तिसरा कॅमेरा जुना होता, त्याच्या आकाराच्या मानाने जड. अंतर डोळ्याने अजमावून कडे फिरवायचे, उजेडही आपणच ओळखायचा. फ्लॅश नव्हताच. पण खाली ट्रायपॉड बसवायचे आटे होते आणि शटरच्या बटणाला तार जोडता येत होती. ती दाबून धरली की शटर हवा तितका वेळ उघडे राही.

"याला काहीच आपोआप येत नाही," शैलजा जरा खट्टू होऊन म्हणाली.

"नाही येत. सगळं तुलाच करावं लागेल. आणि ते शिकायला पंधरा दिवस पुरतील."

ती तोच घेऊन गेली. पंधरा दिवस तिने संध्याकाळनंतर दुसरे काही केले नाही. रंकाळ्याच्या काठावरचे दिवे, भेळेच्या गाडीवरची बत्ती, शाळेच्या व्हरांड्यातला एकुलता एक बल्ब. किती उजेडाला शटर किती आकडे मोजेपर्यंत उघडे ठेवायचे, याचा तिने वहीत तक्ता केला. शेवटच्या दिवशी ती काकांना म्हणाली, "तुम्हीही चला ना गुऱ्हाळावर. आबांना बरं वाटेल." काका लगेच तयार झाले.

ते पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. लांबूनच गोड, किंचित जळका वास आला आणि शैलजाची पावले आपोआप मंदावली. लहानपणी याच वासात ती उसाच्या चिपाडांच्या गंजीवर झोपी जायची. आबा मधूनच येऊन वाटीत कोमट काकवी ठेवून जायचे. मात्र काहिलीजवळ तिला कधी येऊ दिले नव्हते. उकळत्या रसाचा एक शिंतोडाही कातडी सोलून काढतो. त्यामुळे वडिलांचे काम तिने आयुष्यभर दहा हातांवरूनच पाहिले होते.

अंधार दाट झाल्यावर तिने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. चुलवाणात चिपाड सारणारी माणसे, रसावरची मळी काढणारे हात, छताच्या पत्र्यावर हलणारी तांबूस छाया. ती एकेक फोटो काढत होती, वहीत टिपत होती, पुन्हा नेम धरत होती. मोघेकाका एका पोत्यावर स्वस्थ बसून होते. शेवटच्या काहिलीतला रस पिवळा झाला, मग लालसर. बुडबुडे जडावले, त्यांचा आवाज बदलला. सगळी माणसे थोडी जवळ सरकली. आबा हातात थंड पाण्याची वाटी घेऊन काहिलीच्या कडेला वाकले.

हाच तो फोटो. शैलजाने श्वास रोखला, अंतर पुन्हा एकदा पाहिले आणि अंगठा तारेवर ठेवला.

त्याच वेळी मोघेकाका उठले, तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिच्या हातातून तार काढून घेतली.

"ऊठ इथून," ते म्हणाले.

"काका?"

"आबांजवळ जाऊन उभी राहा. फोटो मी घेतो."

"पण काका, हाच तर..."

"जा म्हटलं ना."

दोन वर्षांत तिने त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. तिला राग आला. एवढे पंधरा दिवस, तो तक्ता, ही सारी तयारी या एका फोटोसाठी होती. पण वाद घालायला वेळ नव्हता. ती उठली आणि चालत गेली.

"का गं, रोल संपला?" आबांनी वर न बघताच विचारले.

"न्हाई आबा."

"मग ये. तिकडनं नगं, वाफ अंगावर येती. वाऱ्याच्या बाजूनं ये."

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आबांनी काहिलीतला थेंबभर पाक पाण्यात सोडला, बोटांनी वळून त्याची गोळी केली आणि क्षणभर घोटाळले. मग ती गोळी त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"दाब. कशी हाय?"

"मऊ."

"मऊ कशागत?"

शैलजाने विचार केला. "कानाच्या पाळीगत."

आबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. एवढे नेमके उत्तर त्यांना अपेक्षित नव्हते. "बराबर. म्हंजी अजून वाईच थांबायचं." थोड्या वेळाने त्यांनी दुसरी गोळी वळून तिच्या तळहातावर ठेवली. त्यांचा हात तिच्या हाताखाली होता. दोघेही त्या गोळीवर वाकून उभे होते; हात तेवढे निश्चल होते. मागे कधी शटर उघडले आणि कधी मिटले, तिला कळलेही नाही.

"आता?"

"घट्ट हाय. बोटाचा ठसा ऱ्हातोय."

"मग सांग त्यास्नी."

"मी?"

"मग कोण? मी बत्तीस वर्सं सांगतोय की."

शैलजाने वळून माणसांकडे पाहिले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ती ओरडली, "उतरवा!"

काहील खाली आली. गुळाचा सोनेरी लोट निवण्याच्या वाफ्यात पसरला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग त्यालाच कसेसे वाटून तो थांबला. आबा पाठमोरे होऊन वाटी विसळत राहिले, गरजेपेक्षा बराच वेळ.

गूळ निवत असताना शैलजा काकांजवळ येऊन बसली. तिचा राग ओसरला होता; प्रश्न मात्र तसाच होता. "काका, तुम्ही कधी कुणाच्या कामाला हात लावत नाही. आज का लावलात?"

मोघेकाकांनी हातातली तार गुंडाळून तिला परत दिली.

"दिवसाचा फोटो पापणी लवण्याच्या आत होतो," ते म्हणाले. "तो काढणाऱ्याचं त्यात काही जात नाही. रात्रीचा फोटो वेळ मागतो. दहा सेकंद, अर्धं मिनिट. तेवढा वेळ यंत्राजवळ बसून द्यायचा की माणसाजवळ उभं राहून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. मी जन्मभर यंत्राजवळ बसलो. माझ्या धाकट्या बहिणीची पाठवणी रात्री झाली. तिचे बावीस फोटो आहेत माझ्याकडे, एकाहून एक सरस. पण गाडीत बसताना तिनं मागं वळून मला शोधलं का, ते मला आजही माहीत नाही. मी रोल बदलत होतो. तिला विचारावं असं पुष्कळदा मनात आलं. मग विचारायला तीच राहिली नाही. तू कॅमेऱ्यामागे वाकलीस तेव्हा आबांनी एकदा मान वळवून तुझ्याकडे पाहिलं होतं. तुला ते दिसलं नाही. मला दिसलं."

शैलजाने मान वळवून आबांकडे पाहिले.

आठ दिवसांनी तिने तो रोल काकांच्या डार्करूममध्ये धुतला. मग कागदावर घेतलेला तो फोटो द्रावणात हळूहळू उमटू लागला, तेव्हा दोघेही ट्रेवर वाकले होते. आग आली होती, काहिलीची कड आली होती. आबांचा चेहरा हलला होता; तिथे केवळ एक उजळ धूसरपणा होता. शैलजाचाही चेहरा तसाच. पण एकाखाली एक धरलेले दोन हात अगदी रेखीव आले होते. आबांच्या अंगठ्यावरचा जुना भाजल्याचा व्रणसुद्धा दिसत होता.

रविवारी ती फोटो घेऊन गावी गेली. आबा दारात दोर वळत बसले होते. हात धोतराला पुसून त्यांनी फोटो घेतला, उन्हाकडे तिरका धरला आणि निरखून पाहिला.

"चेहरा न्हाई आला," ते म्हणाले.

"तुम्ही हललात, आबा."

"हलणारच की. गुळव्या पुतळ्यागत हुभा ऱ्हायला तर गूळ करपंल." त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिले. मग त्या दोन हातांवर बोट टेकवून विचारले, "ह्यातला वरचा तुझा न्हवं?"

"व्हय."

"मग आलाय की फोटो."

त्यांनी फोटो खांबाला टेकवून ठेवला आणि दोराचे एक टोक तिच्याकडे सरकवले. शैलजाच्या पिशवीत तो लहान कॅमेरा होता, आणि त्यातल्या नव्या रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते. तिने पिशवी बाजूला ठेवली, टोक हातात घेतले आणि आबांच्या समोर बसली.