बोटाला सुट्टी

“तलवार कुठे आहे?”

महाराज गजेंद्ररावांचा प्रश्न साधा होता. राजवाड्यातल्या पाठशाळेत सरदार-मानकऱ्यांची बारा मुलं बसली होती आणि तलवार समोरच्या भिंतीवर टांगलेली होती. सर्वांत पुढे महाराजांचाच अकरा वर्षांचा मुलगा चंद्रसेन. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

“बोट नको! तोंडाने सांग!”

चंद्रसेनाने डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, “वर, खाली, पुढे, मागे, आत, बाहेर, जवळ, शेजारी!”

“अरे, ती तलवार आहे की माशी?” महाराज कडाडले. “एकाच वेळी इतक्या ठिकाणी?”

त्रिविक्रमशास्त्री लगबगीने पुढे आले. “महाराज, ही शब्दयोगी अव्ययं. दोन वर्षं घोकून घेतोय. सगळ्यांना मुखोद्गत आहेत!”

“मग त्या मुखातून कामाचं एकही का निघत नाही?”

दाराशी कोणीतरी खुदकन हसलं. केळीच्या पानांचा भारा घेऊन धुरपा उभी होती. बागेतल्या माळ्याची ही मुलगी राजवाड्याच्या पंगतीत वाढायला असे.

“कोण हसलं?”

“मीच, महाराज. चूक झाली. पण शास्त्रीबोवांचा यात काय दोष? या मुलांना ते शब्द कधी लागतच नाहीत!”

“असं? तुला फार कळतं! मग तूच शिकव. उद्या दुपारची पंगत उठेपर्यंत! पुस्तक नाही, पाटी नाही, घोकणं नाही. जमलं नाही, तर शास्त्रीबोवा संस्थानाबाहेर. आणि तूही, तुझ्या बापासकट!”

शास्त्रीबोवांनी दोन वर्षांत जे केलं नाही, ते एका जेवणात करायचं! महाराजांचा हिशेब नेहमी असाच सरळ असे.

बागेत बाप डोक्याला हात लावून बसला. “तीस वर्सं या केळी जपल्या, पोरी. आता या वयात जायचं कुठं? जरा हसू आवरलं असतंस तर?”

बापासमोर धुरपाने भीती दाखवली नाही. सकाळ होताच ती महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

“महाराज, दोन गोष्टी हव्यात. आज पंगतीत कोणी बोट दाखवलं, की वाढप्यांनी पाठ फिरवायची. आणि तोंडाने सांगितलं, तर सांगितलं तेवढंच करायचं. त्यापायी कोणाला शिक्षा नको.”

“एवढंच ना? दिलं!”

“आणि आपणही पंगतीला बसावं.”

“बसणारच! तुझी फजिती बघायला नको?”

आता सांगायला हवं, की त्या राजवाड्याचा सगळा कारभार एका बोटावर चाले. महाराजांनी बोट उचललं की नोकर धावत, काय हवं ते ओळखत आणि हवं तिथे ठेवत. मुलांनी हीच विद्या उचलली होती. त्यामुळे नोकर फार हुशार झाले होते आणि मालकांना बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

पानं मांडली गेली. भाताच्या मुदी पडल्या.

“वरण!” सेनापतींचा मालोजी ओरडला.

“कुठे वाढू, सरकार?”

मालोजीने बोट उचललं. वाढप्याने पाठ फिरवली.

“अरे, भाताजवळ वाढ ना!”

वाढप्याने अगदी भाताजवळ वाढलं. वरण पानावरून ओघळलं आणि थेट मालोजीच्या मांडीवर आलं!

“जवळ नाही रे! भातावर! मुदीच्या वर!”

“मग तसं सांगावं, सरकार.”

पलीकडे दिवाणांची अंबिका लाडवाकडे बघून कासावीस झाली होती. “पाटावर ठेव... नको, नको! पानावर! कोशिंबिरीशेजारी नको, भिजेल! पुरीच्या पलीकडे, लोणच्यापासून लांब!”

घटकाभरात पंगतीत एकच गलका झाला. भुकेपुढे कोणाचंच बोट टिकलं नाही.

फक्त महाराजांचं टिकलं. त्यांना तूप हवं होतं. त्यांनी बोट उचललं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाढप्याची पाठ दिसली.

“तूप!”

धुरपा तुपाचं भांडं घेऊन आली. “कुठे वाढू, महाराज?”

“तिथे!”

“तिथे म्हणजे?”

“अगं, त्या... त्याच्या... नेहमीच्या जागी!”

धुरपा हलली नाही. सगळ्या पंगतीच्या माना महाराजांकडे वळल्या. भात निवत चालला. शेवटी चंद्रसेन हळूच वाकला. “आबासाहेब, ‘वरणावर’ म्हणा.”

“वरणावर,” महाराज पुटपुटले. तुपाची धार पडली.

हात धुऊन महाराज तडक पाठशाळेत गेले. सगळी पंगत, खजिनदार आणि वाढपीसुद्धा मागोमाग. “तलवार कुठे आहे?”

“भिंतीवर, आबासाहेब! ढालीच्या मागे, खिडकीशेजारी,” चंद्रसेन म्हणाला. “आणि तिच्या मुठीभोवती कोळ्याचं जाळं आहे!”

महाराजांचा चेहरा लाल झाला. ते धुरपाकडे वळले.

“मी मुलांना शिकवायला सांगितलं होतं! मला शिकवायला कोणी सांगितलं?”

दाराशी उभ्या असलेल्या धुरपाच्या बापाने पुन्हा डोक्याला हात लावला. शास्त्रीबोवा मनातल्या मनात सामान बांधू लागले.

धुरपाने पदर सावरला. “महाराज, एका पंगतीत एकाला वाढायचं आणि शेजारच्याला उपाशी ठेवायचं? असला पंक्तिप्रपंच मला जमायचा नाही!”

मग महाराज असे हसले, की मिशीवर राहिलेलं तूप हनुवटीवर आलं! हसता हसता त्यांनी सवयीने खजिनदाराकडे बोट केलं.

दारातल्या सगळ्या वाढप्यांनी झटकन पाठ फिरवली.

महाराजांनी बोट मुठीत मिटलं आणि घसा खाकरला. “खजिनदार, देवघरासमोरच्या पेटीत, शेल्याखाली सोन्याचं कडं आहे. ते या पोरीच्या हातात घाला. तिचा बाप राहील बागेत, शास्त्रीबोवा पाठशाळेत. आणि उद्यापासून पंगतीत शास्त्रीबोवांचा पाट मुलांच्या मध्ये मांडा, आणि माझा त्याच्या अगदी शेजारी!”