चिठ्ठी नसलेल्या कुप्या

खूप खूप जुनी गोष्ट आहे, आमच्या पणजोबांच्याही आधीची. नदीकाठच्या एका गावात एक हकीमसाहेब राहत. नाडी बघायचे आणि सुगंधाने औषध करायचे. डोकं तापलं की वाळा, छातीत कफ दाटला की लोबानची धुरी, जीव घाबरला की गुलाबाचं अत्तर. फळीवर चाळीस कुप्या ओळीने मांडलेल्या, आणि एकीवरही नावाची चिठ्ठी नाही. ही त्यांच्या उस्तादांची रीत. उस्ताद म्हणायचे, "ज्याला चिठ्ठी लागते, त्याने हकिमी सोडून कांदे विकावेत."

एका हिवाळ्यात हकीमसाहेबांना जबर सर्दी झाली. सर्दी गेली, पण नंतर वासच येईना. गुलाबाचा नाही, केवड्याचा नाही, करपलेल्या भाकरीचासुद्धा नाही. आता माणसाने कुणाला तरी सांगावं की नाही? पण अब्रू जाईल म्हणून हे मूग गिळून बसले.

रोग्यांना ते खिडकीतूनच औषध देऊ लागले. म्हातारी जैतूनबी अत्तरं गाळायची. दर शुक्रवारी नवं अत्तर घेऊन यायची, हातावर थेंब लावून दोघं तासभर त्यावर बोलायची. दोन-तीन शुक्रवार हकीमसाहेबांनी कसेबसे निभावले, मग सांगून टाकलं, "आता येत जाऊ नका. मला वेळ नसतो."

वेळ कसला नसतो! घर खायला उठायचं. कधी कधी दोन-दोन दिवस स्वतःचा आवाजही कानी पडत नसे. फार एकटे पडले बिचारे. अशी दोन वर्षं गेली.

कुप्यांच्या जागा पाठ होत्या, त्यावर काम चालून जाई. मग एका पावसात छप्पर गळलं. कुप्या घाईघाईने हलवाव्या लागल्या आणि सगळी सरमिसळ झाली. अत्तरं दिसायला सारखीच पिवळी.

त्याच आठवड्यात दाऊद विणकर खिडकीशी आला. बायको चार दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, छातीत धडधड. तिला गुलाब द्यायला हवा होता. हकीमसाहेबांनी अंदाजाने एक कुपी उचलून दिली.

दुपारी दाऊद धावत परत आला. "हकीमसाहेब, हे हुंगवलं आणि ती बेशुद्धच पडली. एकदा वास घेऊन बघा, हेच द्यायचं होतं ना?"

हकीमसाहेबांनी कुपी नाकाशी धरली. काही म्हणजे काही नाही. 'हेच होतं, तिची प्रकृतीच नाजूक,' असं म्हणून सुटता आलं असतं. शब्द ओठावर आलेही होते. पण दाऊदचे डोळे रडून सुजलेले होते, आणि ते बघवेना.

"मला वास येत नाही, दाऊद," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. चूक माझी आहे. तू घरी जाऊन खिडक्या उघड, मी आलोच."

कुप्या टोपलीत भरून ते तडक जैतूनबीकडे गेले. ती भट्टीपाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि टोपली पुढ्यात ओढली. एकेक बूच उघडून हुंगत गेली. "तुम्ही दिलीत ती कस्तुरी. तापात फार गरम पडली," ती म्हणाली. मग दुसरी कुपी पुढे केली. "हा गुलाब. चला."

संध्याकाळी बाळंतिणीने डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी ती बाळाला मांडीवर घेऊन बसली.

"मला वास येत नाही म्हटल्यावर तुम्हाला नवल नाही वाटलं?" हकीमसाहेबांनी मान खाली घालून विचारलं.

"मला ठाऊक होतं," जैतूनबी म्हणाली. "त्या हिवाळ्यात मी चुकून नुसत्या तेलाची कुपी आणली होती. तुम्ही हातावर लावून म्हणालात, वा, काय मोगरा आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तर तुम्ही येऊच नका म्हणालात. तरी किती शुक्रवार मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन माघारी गेले."

हकीमसाहेबांना रडू आवरेना.

पुढे जैतूनबी हुंगायची आणि हकीमसाहेब नाडी बघायचे. काही लोक हसले, काही रोगी कायमचे दुसरीकडे गेले. वास काही परत आला नाही, आणि ती दोन वर्षंही नाहीत.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो आपलं उणं लपवतो तो एकटा पडतो, आणि त्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.